तरुण मतदारांसाठी मोफत गाण्याचा कार्यक्रम करायचाय? तारीख, टेबलं, परवानग्या आणि कायदा

मतपेटी

पालिका असो वा विधानसभा, निवडणूक जवळ आली की महाविद्यालयं, युवक मंडळं आणि सामाजिक संस्था एकच बेत मांडतात: एखादा बँड किंवा शाहिरी पथक बोलवायचं, प्रवेश मोफत ठेवायचा आणि तरुणांना मतदानाकडे वळवायचं. बेत चांगला आहे आणि तो व्हायला हवा. पण बहुतेक ठिकाणी कार्यक्रम रंगतो, फोटो छान येतात आणि मतदार यादीत एका नावाचीही भर पडत नाही. चूक गाण्यात नसते, तारखेत असते. म्हणून हा धागा. ज्यांना नोंदणी, ध्वनियोजना, परवानग्या यांतलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं.

सुरुवात तारखेपासून करते. २०२४ ची विधानसभा निवडणूक घ्या. घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ला निघाली, उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. मतदार नोंदणीचा अर्ज मात्र १९ ऑक्टोबरपर्यंतच देता येत होता. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या १० दिवस आधी दार बंद होतं, कारण आलेल्या अर्जांची यादी लावून हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे घोषणेनंतर हातात चार दिवस उरले. घोषणा झाल्यावर ज्यांनी सभागृह शोधायला घेतलं, त्यांच्या कार्यक्रमातून नवं नाव यादीत जाणं शक्यच नव्हतं.

तेव्हा पहिला प्रश्न: तुमचा कार्यक्रम नोंदणीसाठी आहे की मतदानासाठी? दोन्हीची जागा, तारीख, मंचावरचा मजकूर, लागणारी माणसं, सगळंच वेगळं. नोंदणीसाठी असेल तर महाविद्यालयं सुरू झाल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करा. प्रवेशासाठी काढलेली कागदपत्रं मुलांच्या दप्तरातच असतात आणि परीक्षा लांब असतात.

नमुनासहा

अगदी बरोबर. नोंदणीच्या बाजूचं लिहितो.

ऑगस्ट २०२२ पासून वर्षाला चार अर्हता दिनांक, म्हणजे १८ वर्षं पूर्ण झाली का हे ज्या तारखेला पाहतात त्या तारखा, आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो आणि ज्या तिमाहीत १८ पूर्ण होतात तेव्हा तो विचारात घेतला जातो. मंचावरून 'अठरा पूर्ण झालेल्यांनी नाव नोंदवा' एवढंच सांगितलं, तर समोर बसलेली निम्मी अकरावी-बारावी आणि प्रथम वर्षाची मुलं आपला संबंध नाही असं समजून बसून राहतात. 'सतरा पूर्ण झाले असतील तरी या' असं स्पष्ट सांगा.

नव्या नावासाठी नमुना ६. आधी कुठे नाव असेल आणि पत्ता बदलला असेल, तर नमुना ८. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नांदेडहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचं नाव गावी आधीच असतं आणि स्वयंसेवक उत्साहात त्याचा नमुना ६ भरून घेतात. त्यात 'माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही' असं प्रतिज्ञापत्र आहे. ते खोटं ठरलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून टेबलावर पहिला प्रश्न 'नाव काय' हा नको. 'याआधी कुठे मतदार ओळखपत्र काढलंय का' हा हवा, आणि शंका असली तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधूनच पुढे जायचं.

जन्मतारखेला जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र किंवा बोर्डाचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र चालतं. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख असते, म्हणून गुणपत्रिका नको, प्रमाणपत्र आणायला सांगा. पत्त्याला आधार, बँकेचं चालू पासबुक, पाणी-वीज-गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार. वसतिगृहात राहणाऱ्यांना पर्याय आहे: गावी नाव ठेवा किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवा. दुसरा पर्याय घेतला तर प्राचार्य किंवा कुलसचिवांचं ठरावीक नमुन्यातलं बोनाफाइड जोडावं लागतं आणि अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा. हे बोनाफाइड कार्यक्रमाच्या रात्री मिळत नाही. आठवडाभर आधी कार्यालयाला यादी देऊन सही-शिक्क्याचे कागद तयार ठेवा.

छायाचित्र पांढऱ्या पार्श्वभूमीचं, समोरून पूर्ण चेहरा दिसणारं, ४.५ × ३.५ सेंमी. रंगीत दिव्यांत काढलेला सेल्फी फेटाळला जातो. टेबलामागे पांढरा कापडी पडदा आणि एक साधा पांढरा दिवा लावला की हा प्रश्न संपतो.

कट्टेकरी

@नमुनासहा, एक शंका. स्वयंसेवकांनी भरलेले ३००-४०० अर्ज एकत्र नेऊन तहसील कार्यालयात दिले तर चालतात ना?

नमुनासहा

नाही. आयोगाच्या सूचनांप्रमाणे कुठल्याही व्यक्तीने किंवा संस्थेने आणलेले गठ्ठ्याने अर्ज स्वीकारले जात नाहीत. एका कुटुंबातल्या सदस्यांचे अर्ज एकत्र देता येतात आणि पक्षांच्या मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधींना मर्यादित संख्येची सवलत आहे. संस्थांना नाही. त्यामागचं कारणही योग्य आहे: गठ्ठ्यात खोटे अर्ज घुसवणं सोपं असतं.

म्हणून दोनच रस्ते उरतात. पहिला, मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना किमान तीन आठवडे आधी पत्र देऊन कार्यक्रमाच्या जागी विशेष शिबिर मंजूर करून घ्या, म्हणजे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) किंवा नेमलेला कर्मचारी हजर राहून अर्ज तिथेच घेतो. पत्रात तारीख, वेळ, जागा, अपेक्षित संख्या आणि 'प्रत्येक अर्जदार स्वतः उपस्थित राहील' हे लिहा. दुसरा, प्रत्येकाने स्वतःच्या मोबाइलवरून ऑनलाइन अर्ज भरायचा आणि स्वयंसेवकाने फक्त मदत करायची. बाहेरगावच्या मुलांना गावीच नाव ठेवायचं असेल तर दुसराच रस्ता बरा, कारण अर्ज त्यांच्या मतदारसंघाच्या अधिकाऱ्याकडे जायला हवा. पुण्यातल्या बीएलओकडे दिलेला उदगीरचा अर्ज कुणाच्याच कामाचा नाही.

आता टेबलं किती हवीत याचा हिशेब. कागदपत्रं हातात असतील तर एक अर्ज नीट भरायला १२ मिनिटं धरा. एका स्वयंसेवकाचे तासाला पाच, तीन तासांत १५. हजार जण येणार असतील आणि त्यातले २०० नोंदणीयोग्य असतील, तर १४ स्वयंसेवक फक्त अर्जाला लागतात. नाव आधी आहे का हे तपासायला दोघं आणि रांगेला दोघं वेगळे. चार मुलं आणि एक टेबल एवढ्यावर भागवलं तर रांग हलत नाही, पहिलं गाणं सुरू होतं आणि रांग मोडते. मोडलेली रांग परत लागत नाही.

दणदणाट_नको

ध्वनियोजनेच्या बाजूने दोन गोष्टी, ज्या आयोजकांना आयत्या वेळी कळतात.

एक, नोंदणीचं टेबल मंचाजवळ लावू नका. 'इथेच गर्दी असते' म्हणून हौसेने स्पीकरसमोर टेबल लावतात आणि स्वयंसेवकाला मुलीने सांगितलेलं आडनाव ऐकू येत नाही. 'शेटे'चं 'शेट्ये' होतं, 'साळवे'चं 'साळवी' होतं. कार्ड आलं की दुरुस्तीचा नमुना ८ भरावा लागतो. टेबल स्पीकरच्या मागच्या बाजूला, शक्यतो भिंतीआड, ४०-५० मीटरवर, पण प्रवेशाच्या वाटेवरच ठेवा. माणूस आत जाताना टेबलावरून गेला पाहिजे. परतताना कुणी थांबत नाही, शेवटची लोकल असते.

दोन, मोबाइल नेटवर्क. हजारभर फोन एका मैदानात आले की टॉवर गुदमरतो आणि ऑनलाइन अर्जाचा ओटीपी येत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेले दोन हॉटस्पॉट किंवा तारेचं इंटरनेट टेबलापर्यंत ओढून घ्या. पण ओटीपी अर्जदाराच्याच फोनवर येतो, त्याला हॉटस्पॉटचा उपयोग नाही. म्हणून लॉगिनचं काम गर्दी जमण्याआधी, दारं उघडल्यापासूनच्या पहिल्या ४५ मिनिटांत उरका. आणि कोऱ्या छापील अर्जांचा साठा ठेवाच.

वीज: आवाज आणि प्रकाश एकाच जनरेटरवर टाकले की दिव्यांच्या डिमरची घरघर स्पीकरमध्ये उतरते. दोघांना वेगळे जनरेटर द्या आणि टेबलं, प्रिंटर, दिवे तिसऱ्या छोट्या लाइनवर ठेवा. मंचाकडची लाइन उडाली तरी नोंदणी चालू राहिली पाहिजे.

मतपेटी

@दणदणाट_नको, डेसिबलच्या मर्यादेबद्दलही लिहा ना. कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम ठरवून शेवटच्या दिवशी पोलीस ठाण्यातून नकार येण्याचं मुख्य कारण तेच असतं.

दणदणाट_नको

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस गणेशोत्सव-नवरात्रीसारख्या सणांसाठी आधीच ठरलेले असतात, तुमच्या कार्यक्रमासाठी मिळणार नाहीत. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. तुमचं मैदान तसं अधिसूचित आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. म्हणजे निवासी भागात सीमेवर ६५. आता गणित बघा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मंचापासून २० मीटरवर ९५ ठेवला, आणि रॉक बँडला तो जास्त नाही, तर ४० मीटरवर ८९, ८० वर ८३, १६० वर ७७, ३२० वर ७१. तीनशे मीटर मोकळं मैदान असलेलं कॉलेज शहरात कुठे आहे? आणि असलं तरी मर्यादा ओलांडलेलीच.

म्हणून माझं ठाम मत: वस्तीजवळ बँड लावायचा असेल तर बंद सभागृह घ्या. जागा कमी मिळेल, पण नोंदणीला ते उलट फायद्याचं आहे. हजाराच्या आतलं नाट्यगृह, दोन दारं आणि मोठी लॉबी. लॉबीत १५ टेबलं शांतपणे बसतात. मैदानच हवं असेल तर शाहिरी, भारूड, जागरण-गोंधळ असा कार्यक्रम ठेवा. तो कमी आवाजात रंगतो आणि रात्री ९ ला संपवता येतो.

दिमडी

शाहिरी-गोंधळाचा विषय निघालाच आहे तर आचारसंहितेच्या काळातली एक अडचण लिहिते. ती फक्त आपल्याकडेच येते.

लोककलेच्या कार्यक्रमाची सुरुवात तुतारीने करायची पद्धत आहे. तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं चिन्ह आहे. गोंधळात दिवटी पेटते, आणि मशाल दुसऱ्या पक्षाचं चिन्ह. उद्घाटनाला कमळाची रांगोळी, मंचावर मोठं घड्याळ, पोवाड्यात धनुष्यबाण, मुलांच्या नाटुकल्यात रेल्वे इंजिन. प्रत्येक गोष्ट निरागस, आणि प्रत्येकीवर तक्रार होऊ शकते. निवडणूक घोषित झाल्यावर कार्यक्रम असेल तर संहिता आणि गाण्यांचे शब्द ओळीनं वाचून काढा. तुतारीऐवजी सनई-चौघडा किंवा संबळ. गोंधळ घ्यायचाच असेल तर दिवटी विधीपुरती गोंधळ्याच्या हातात राहू दे. तिचं बॅनर करू नका, निवेदकाने तिच्यावर कोटी करू नये. पडद्याचा रंग पांढरा किंवा राखाडी. भगवा, निळा, हिरवा हे एकेकटे वापरले की कुणाला तरी खटकतंच. 'एक बोट, एक मत' असं शाईच्या बोटाचं चित्र काढा, पण पंजा उघडा दाखवू नका. घोषणा होण्याआधीच्या कार्यक्रमाला एवढं काटेकोर राहायची गरज नाही, तरी सवय चांगली.

आणि कलाकार निवडताना तो त्याच निवडणुकीत कुठल्या पक्षाचा प्रचार करणार आहे का, हे लेखी विचारा. करारात एक वाक्य घाला: 'मतदान होईपर्यंत या कार्यक्रमाची चित्रफीत किंवा नाव कुठल्याही उमेदवाराच्या प्रचारात वापरणार नाही.' लोकप्रिय गायक महिनाभराने एखाद्या सभेत गातो आणि तुमच्या कार्यक्रमाची चित्रफीत त्यात फिरते, तेव्हा तुमची वर्षभराची तटस्थता एका संध्याकाळीत जाते.

कलमवाचक

कायद्याचं मी लिहितो, कारण यात संगीताचा उल्लेख शब्दशः आहे आणि फार थोड्यांना तो माहीत असतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२६(१)(ग). मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत लोकांना आकर्षित करण्यासाठी संगीताचा जलसा, नाट्यप्रयोग किंवा अन्य करमणुकीचा कार्यक्रम ठेवून निवडणुकीविषयक मजकुराचा प्रचार करायला मनाई आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'निवडणुकीविषयक मजकूर' म्हणजे निकालावर परिणाम करण्याच्या हेतूचा मजकूर. निव्वळ 'मतदान करा' हे त्यात बसत नाही असा युक्तिवाद करता येतो. पण मंचावरच्या एका कलाकाराने एका उमेदवाराचं नाव घेतलं की तो युक्तिवाद संपतो. शिवाय शेवटच्या ४८ तासांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदीचे आदेश निघतात. माझा सल्ला: त्या दोन दिवसांत मंच लावू नका.

मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ ध्वनिक्षेपक किंवा भोंगा वाजवून मतदारांना त्रास देणं कलम १३१ खाली गुन्हा आहे. केंद्राच्या दाराशी ढोल-ताशा लावणाऱ्यांनी हे वाचावं.

तिसरा मुद्दा सगळ्यात नाजूक. 'शाई दाखवा, पास मिळवा.' भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये लाचेची व्याख्या अशी आहे की एखाद्याला मतदानाचा हक्क बजावायला प्रवृत्त करण्यासाठी किंवा बजावल्याबद्दल बक्षीस म्हणून काही लाभ देणं म्हणजे लाच. कुणाला मत द्यायचं हे त्यात सांगायलाच हवं असं नाही. कलम १७३ मध्ये खाणं, पिणं, करमणूक देऊन केलेल्या लाचेचा वेगळा उल्लेख आहे, त्याला फक्त दंड. करमणूक हा शब्द कायद्यातच आहे. शाई लावलेल्या बोटावर सवलत देणारी हॉटेलं आणि दुकानं अनेक शहरांत दिसतात, प्रशासनही त्यांचं कौतुक करतं आणि कुणावर कारवाई होत नाही. तरी संस्थेच्या नावावर कार्यक्रम असताना प्रवेशाला शाईची अट घालू नका. दार सगळ्यांना उघडं ठेवा, मतदार असो वा नसो.

परदेशस्थ_वाचक

@कलमवाचक, अमेरिकेतही नेमकी हीच रेघ आहे. तिथल्या संघीय कायद्यात संघीय निवडणुकीत नोंदणीसाठी किंवा मतदानासाठी पैसे देणं-घेणं गुन्हा आहे: १०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून तिथल्या मोफत मैफलींत 'मत दिल्याचा स्टिकर दाखवा' अशी अट घालत नाहीत. दार उघडं ठेवतात आणि नोंदणीचं टेबल वाटेत ठेवतात.

'रॉक द व्होट' ही संस्था १९९० मध्ये संगीतक्षेत्रातल्या लोकांनी काढली. गाण्यांवरच्या सेन्सॉरशिपविरोधातून ती उभी राहिली. तिचं खरं बळ मात्र मैफलीच्या तिकिटात नव्हतं. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यासाठी तिने जोर लावला आणि वाहन परवाना काढतानाच मतदार नोंदणी व्हायला लागली. म्हणजे संगीताने जमवलेला दबाव नोंदणी सोपी करण्याकडे वळवला.

स्लोव्हाकियाचं उदाहरण वेगळं. सप्टेंबर १९९८ च्या निवडणुकीआधी 'रॉक व्होलिएब' नावाने गावोगावी मैफली झाल्या. मतदान ८४ टक्क्यांवर गेलं आणि पंतप्रधान व्लादिमिर मेचियार यांचं सरकार गेलं. पण तिथे नागरिकाचं नाव रहिवासी नोंदीतून आपोआप यादीत असतं. त्यामुळे मैफलीने फक्त एकच काम करायचं होतं, त्या दिवशी घराबाहेर काढणं. आपल्याकडे आधी नाव लागतं. त्या यशाची नक्कल करताना हा फरक सुटतो.

कट्टेकरी

मग मैफलीचा परिणाम मोजलेला आहे का कुणी? की सगळं अंदाजावर?

परदेशस्थ_वाचक

राज्यशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये अमेरिकेत प्रयोग केले, सुरुवात न्यू हॅम्पशायरमधल्या हुकसेट गावापासून. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ संगीत, खाऊ, मुलांचे खेळ असा छोटा उत्सव, आधी परिसरात त्याची जाहिरात. कुठे उत्सव करायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि तसेच दुसरे भाग तुलनेला ठेवले. उत्सव झालेल्या भागांत मतदान काही टक्क्यांनी जास्त झालं. पण ते मोठे तारे नव्हते. शेजारीपाजारी, गल्लीतला डीजे आणि चालत जाण्याएवढं अंतर. हे जसंच्या तसं आपल्याकडे करता येणार नाही, वर कलमवाचकांनी लिहिलंच आहे. त्यातून घ्यायचं ते इतकंच: मोठ्या एका मैफलीपेक्षा प्रभागाप्रभागातली छोटी.

मतपेटी

हे मला फार पटतं. आपण मोजायचं काय तेही बदलायला हवं. 'पाच हजार तरुणांची उपस्थिती' ही बातमी झाली. मोजायला तीन आकडे हवेत: किती अर्ज दिले गेले, किती मंजूर झाले, आणि मंजूर झालेल्यांपैकी किती जणांना आपलं मतदान केंद्र कुठे आहे ते सांगितलं. समजा कार्यक्रमाला ३ लाख खर्च आला आणि १५० अर्ज मंजूर झाले, तर एका नावाला २,००० रुपये पडले. तेवढ्याच पैशांत वर्गावर्गात जाऊन किती नावं लागली असती, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. दोन्ही जोडायचं असेल तर आठवडाभर वर्गांतून नोंदणी आणि शेवटी गाणं, असा क्रम ठेवा. टेबलावरचा ताणही त्यामुळे उतरतो.

नमुनासहा

अर्ज मंजूर न होण्याचं सगळ्यात मोठं कारण कागदपत्रं नव्हेत, बंद दार. बीएलओ पत्त्यावर पडताळणीला येतो, मुलं तासाला असतात, खोलीला कुलूप, शेजारी 'माहीत नाही' म्हणतात आणि शेरा पडतो. वसतिगृहाच्या रेक्टरकडे अर्ज दिलेल्यांची यादी आणि मोबाइल क्रमांक ठेवा, बीएलओचा क्रमांक मुलांना द्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पडताळणी येईल अशी तारीख टाळा. अर्जात घरातल्या कुणाचा मतदार ओळखपत्र क्रमांक लिहिता आला तर जरूर लिहा, कुटुंब एकाच भागात राहतं.

पालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी कार्यक्रम करणाऱ्यांना एक सूचना. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि यादी विधानसभेचीच, ठरावीक तारखेची, प्रभागवार फोडून वापरतो. २०२५-२६ च्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. त्यानंतर नोंदवलेल्या मुलांना पालिकेत मत देता आलं नाही. डिसेंबरात मैफल करून 'नाव नोंदवा, पालिकेत मत द्या' असं सांगणं म्हणजे मुलांची फसवणूक झाली असती. हे आधी तपासा, मगच फलक छापा.

स्वररंग

गाण्यांच्या हक्कांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. 'मोफत कार्यक्रम आहे, परवाना कशाला' हा समज चूक आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(ठ) मधली सूट हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला आहे. मानधन घेणारा बँड आला की ती सूट धरून चालू नका. चित्रपटगीतं प्रत्यक्ष गायली जाणार असतील तर शब्द-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो, रेकॉर्ड वाजणार असेल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी पीपीएल या संस्थेकडून किंवा ज्या संस्थेकडे त्या कंपनीचे हक्क असतील तिच्याकडूनही. मध्यंतरात डीजेने लावलेली गाणी यातच मोडतात, आणि तीच विसरली जातात. शासनाच्या अधिकृत समारंभाला वेगळी सूट आहे, पण तुमच्या फलकावर जिल्हा प्रशासनाचं बोधचिन्ह छापल्याने तो शासकीय समारंभ होत नाही. सोपा उपाय: पारंपरिक रचना, संतांचे अभंग नव्या चालीत, किंवा कलाकाराची स्वतःची गाणी. चाल कुणा दुसऱ्याची असेल तर तिचे हक्क मात्र पाहा.

बाकी परवानग्या थोडक्यात: पोलिसांचा सादरीकरण आणि ध्वनिक्षेपक परवाना, वाहतूक शाखा, अग्निशमन, तात्पुरत्या मंचाचं स्थैर्य प्रमाणपत्र, जनरेटर-वायरिंगसाठी विद्युत निरीक्षक, जागामालक. आचारसंहिता लागली असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयालाही पत्र. नाटुकलं असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाकडे आधीच पाठवा.

कट्टेकरी

मंचावरून नेमकं काय बोलायचं? निवेदक दहा मिनिटं लोकशाहीचं महत्त्व सांगतो आणि मुलं मोबाइल काढतात.

दिमडी

भाषण नकोच. दोन गाण्यांच्या मध्ये ३० सेकंद, आणि दर वेळी एकच काम. पहिल्यांदा: 'मोबाइल काढा, यादीत तुमचं नाव शोधा.' दोन मिनिटं वाद्यं हळू चालू ठेवा आणि खरंच शोधू द्या. दुसऱ्यांदा: 'नाव नाही सापडलं ते डावीकडच्या लॉबीत, सात नंबरच्या टेबलापर्यंत रांग मोकळी आहे.' तिसऱ्यांदा: 'आधार आणलेलं नाही? या फलकाचा फोटो काढा, उद्या ११ ते ५ इथेच बसलोय.' कलाकाराने स्वतः सांगितलेलं निवेदकापेक्षा जास्त ऐकलं जातं. वासुदेवाच्या वेशातला कलावंत रांगेतून फिरत हेच गाऊन सांगतो, तेव्हा रांगेतली मुलं कंटाळत नाहीत. सगळ्यात आवडता कलाकार शेवटी ठेवा आणि नोंदणी त्याच्या आधी अर्धा तास बंद करा. नाहीतर अर्धवट अर्ज टेबलावर टाकून मुलं आत पळतात.

मतदानासाठीचा कार्यक्रम असेल तर सांगायच्या गोष्टी वेगळ्या. कॉलेजचं ओळखपत्र केंद्रावर चालत नाही, हे कितीतरी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना ठाऊक नसतं. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेलं पासबुक अशा ठरलेल्या कागदपत्रांपैकी एक लागतं, आणि यादीत नाव असणं तर लागतंच. केंद्राच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा कागद हातात घेऊन जायला सांगा.

कलमवाचक

शेवटी एक, मुलांच्या माहितीबद्दल. टेबलावर आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा जमतो. कार्यक्रम संपल्यावर तो सभागृहाच्या कोपऱ्यात पडून राहिलेला दिसतो, कधी त्यावर वडापाव बांधला जातो. संस्थेने प्रती ठेवूच नयेत. अर्जाला जोडलेली प्रत अर्जासोबत अधिकाऱ्याकडे जावी, जास्तीची त्याच क्षणी मालकाला परत द्यावी. कागदपत्रांचे फोटो स्वयंसेवकाच्या व्हॉट्सॲपवर मागवू नका. पाठपुराव्यासाठी पहिलं नाव, मोबाइल, अर्जाचा संदर्भ क्रमांक एवढं पुरे, तेही लेखी संमतीने, आणि मतदानानंतर यादी नष्ट करायची. ही यादी कुठल्या पक्षाच्या कार्यकर्त्याला दिली तर पुढच्या वर्षी तुमच्या टेबलापुढे कुणी उभं राहणार नाही.

मतपेटी

@नमुनासहा, संदर्भ क्रमांकावरून स्थिती कधी पाहायला सुरुवात करावी?

नमुनासहा

अर्ज दिल्यावर आठवड्याने पहिल्यांदा, मग दर चार-पाच दिवसांनी. 'बीएलओ नेमला' एवढ्यावर दोन आठवडे अडकलेलं दिसलं तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करून मतदारसंघ आणि संदर्भ क्रमांक सांगा. त्याच यादीत बाकीच्यांचेही अडकलेत का ते पाहा. एकाच भागातले पाच-सहा असतील तर अर्जदारांनीच मिळून नोंदणी कार्यालयात जावं.